गगनबावडा, करूळ, फोंडा, दाजीपूर : ओम्नीच्या अर्थचा माग

आमची मारुती ओम्नी व्हॅन २००६ सालची, एमपीएफआय इंजिनाची, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाची. दिवसा, कोरड्या रस्त्यावर ती विनातक्रार धावते. पण हेडलाईट लावले आणि पाऊस लागून वायपर सुरू झाला, की इंजिन मिसिंग करू लागते, चढावर झटके देते आणि स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) उभी असताना तिचा आवाज सतत खालीवर होत राहतो. गेल्या वर्षभरात एव्हरेजही घसरले होते आणि प्लग काढून पाहिले तर काजळीने काळे झालेले असत. शहरातल्या एका गॅरेजने यावर आधी प्लग, मग पेट्रोल फिल्टर, मग टाकीतला पंप, मग पाण्याच्या तापमानाचा सेन्सर आणि शेवटी बॅटरी बदलली. प्रत्येक वेळी बिल झाले आणि दोष जागच्या जागी राहिला. पुढचा सल्ला ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणकच, बदलण्याचा मिळाला, तेव्हा मी मामांकडे गेलो.

मामांचे उभे आयुष्य एस.टी.च्या कार्यशाळेत वायरिंगच्या कामात गेले. त्यांनी सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "लाईट लावल्यावर बिघडतंय, का अंधार पडल्यावर?"

"लाईट लावल्यावर, मामा. भर दुपारी लाईट लावून बघितलंय, तेव्हाही तेच होतं."

"मग इंजिनात काय शोधायलाय? अर्थ बघाय पायजे."

अर्थ म्हणजे वापरून झालेला प्रवाह बॉडी आणि इंजिनाच्या धातूतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी. तो तपासायचा तर दोष जिथे उमटतो त्याच परिस्थितीत तपासायला हवा, असा त्यांचा आग्रह. चढ, पाऊस, धुके आणि रात्र हे सगळे एकाच वाटेवर हवे होते, आणि सप्टेंबरात ते गगनबावड्याच्या वाटेवर हमखास मिळते. जाताना गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा, वैभववाडीहून फोंड्याला मावशीकडे मुक्काम करून तिच्या पडवीत गाडी खोलायची आणि फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरीमार्गे कोल्हापुरात परतायचे असे ठरले. सोबत डिजिटल मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, जंपर वायर, पान्यांचा संच, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि दोन्ही टोकांना मगरचिमटे लावलेल्या लांब वायरी घेतल्या.

शुक्रवार

निघण्यापूर्वी पहिले माप घरासमोरच घेतले. गाडी लगेच सुरू होऊ नये म्हणून मामांनी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवला. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरली. ही पिन त्यांनी टर्मिनलच्या पकडीवर न धरता प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर धरली, कारण खांब आणि पकड यांच्यातला सांधाही तपासात यायला हवा. लाल पिन इंजिन ब्लॉकवर घासून उघड्या केलेल्या जागी टेकवली आणि मला सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, मारायला सांगितले. इंजिन जड फिरत होते आणि मीटरने १.९ व्होल्ट दाखवले.

बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन हे दोन्ही एकाच धातूने जोडलेले असायला हवेत, म्हणजे त्यांच्यात जवळजवळ शून्य व्होल्ट दिसले पाहिजेत. सेल्फ फिरताना ०.२ पर्यंत मामा चालवून घेतात, ०.५ दिसले की पाने काढतात. एवढ्या लहान इंजिनाचा सेल्फही १०० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, आणि १०० अँपिअरला १.९ व्होल्ट पडत असतील तर परतीच्या वाटेत सुमारे ०.०२ ओहमचा अडथळा आहे. हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण बॅटरीचे १०.४ व्होल्ट शिल्लक असताना सेल्फपर्यंत जेमतेम ८.५ पोहोचत होते. नवी बॅटरी घालूनही सेल्फ जड का ओढतो, हे कोडे तिथेच सुटले.

मामांनी लांब वायरी तशाच जोडून मीटर आपल्या मांडीवर घेतला. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटांच्या खालीच असल्यामुळे असे चालत्या गाडीत माप घेणे तिच्यात सोपे जाते. फुलेवाडी सोडून आम्ही बालिंग्याच्या पुलावरून भोगावती ओलांडली, तेव्हा आकाश मोकळे होते, लाईट बंद होते आणि मीटर उणे ०.१ वर स्थिर होता. हे उणे चिन्ह मला चुकीचे वाटले, म्हणून मी विचारले. मामांचे उत्तर मी इथे सविस्तर देतो, कारण पुढचा सगळा तपास त्याच चिन्हावर उभा आहे.

सेल्फ मारताना प्रवाह बॅटरीतून निघतो, सेल्फमधून इंजिनात उतरतो आणि इंजिनाकडून बॉडीत, बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो. त्या वेळी इंजिन वरच्या पातळीवर असते. इंजिन एकदा सुरू झाले की गाडीला वीज पुरवतो तो अल्टरनेटर, आणि त्याचा निगेटिव्ह म्हणजे त्याचे स्वतःचे धड, जे इंजिनाला बोल्टने आवळलेले असते. आता दिवे, वायपर, हॉर्न, पंप यांचा प्रवाह बॉडीत उतरतो आणि बॉडीतून इंजिनाकडे परततो. वाट तीच असते, दिशा मात्र उलटी होते. उणे चिन्ह ही उलटलेली दिशा दाखवते, आणि दोन्ही दिशांना व्होल्ट सांडत असतील तर दोष बॉडी आणि इंजिन यांच्या मधल्या जोडात आहे. आमच्या ओम्नीत बॅटरीची निगेटिव्ह वायर आखूड असून जवळच बॉडीला बांधलेली आहे, म्हणून बॅटरीचा निगेटिव्ह आणि बॉडी यांची पातळी जवळपास एकच धरता येत होती.

कुडित्र्याच्या कुंभी-कासारी कारखान्याकडे जाणारा फाटा दिसला तेव्हा मामा म्हणाले, "गळीत हंगामात बघतोस न्हवं, भरलेल्या गाड्या काट्यावर जातात आणि रिकाम्या दुसऱ्या वाटेनं भाईर पडतात. रिकाम्यांची वाट तुंबली तर भरलेल्या कुठं शिरणार? लोकं पॉझिटिव्ह बघत बसतात. रिकाम्याची वाट कुणी बघत न्हाई."

कळे सोडल्यावर पाऊस लागला. असळजच्या पुढे चढ आणि धुके दोन्ही वाढत गेले, हेडलाईट लावावे लागले आणि मीटर उणे ०.२५ वर गेला. वायपर चालू केल्यावर तो ०.३ च्या आसपास डोलू लागला. काच पुसताना वायपर जिथे थांबून उलटा फिरतो तिथे मोटरवर भार येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आकडा उडी मारत होता व इंजिन अडखळत होते. वायपरचा फेरा, मीटरचा आकडा आणि इंजिनाचा झटका या तिन्ही गोष्टी एकाच तालावर चाललेल्या पाहिल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही. इतके महिने ज्या दोषाला गॅरेजमध्ये 'कधीतरी येणारा' म्हणत होते, तो खरे तर अगदी नियमित होता.

गगनबावड्यात मुक्कामाच्या अंगणात गाडी उभी करून मामांनी निर्णायक चाचणी घेतली. इंजिन स्लोला, हेडलाईट आणि वायपर चालू. आवाज खालीवर होत होता. त्यांनी जंपर वायरीपैकी काळी वायर घेतली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा इंजिनाच्या हँगरच्या बोल्टवर लावला. समोरच्या भिंतीवर पडलेला पिवळट प्रकाश लगेच पांढरा झाला आणि काही सेकंदांत इंजिन स्थिर चालू लागले. चिमटा काढल्यावर प्रकाश मंदावला आणि थोड्या वेळाने तोच खालीवर होणारा आवाज परत आला. त्यांनी हे पुन्हा पुन्हा करून पाहिले आणि दर वेळी तेच घडले. ज्यांच्या जुन्या व्हॅनला असा आजार आहे त्यांनी कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी एवढे करून पाहावे, असे मला मनापासून वाटते. त्याला एक जंपर वायर आणि थोडा वेळ पुरतो. मात्र चिमटे फिरणाऱ्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर हवेत, आणि ही जोडणी उभ्या गाडीतच करावी.

शनिवार

सकाळी पाऊस जरा उघडला तेव्हा मी मीटर ओहमवर ठेवून बॉडी आणि इंजिन यांच्यातला रोध मोजला. ०.३ दिसले. मामांनी दोन्ही पिना एकमेकींना टेकवायला लावल्या, तेव्हाही ०.३ दिसले. म्हणजे मीटर स्वतःच्या वायरींचाच रोध दाखवत होता आणि आमचा ०.०२ ओहमचा दोष त्यात कुठेच दिसत नव्हता. अर्थ तपासताना ओहमचे माप फसवते ते असे. मीटर तपासणीसाठी अगदी नगण्य प्रवाह सोडतो, आणि बॉडी व इंजिन जोडणाऱ्या जाळीदार अर्थ पट्टीचा एक तंतू जरी शिल्लक असला तरी तेवढा प्रवाह सुखाने पार होतो.

"तार तुटलीय का न्हाई एवढंच ह्यो सांगतो," मामा म्हणाले. "तार भार उचलती का, ते भार टाकल्याशिवाय कळत न्हाई."

करूळ घाट आम्ही सावकाश उतरलो. उतारावर इंजिनाला काम नसते, त्यामुळे मीटरकडे पाहण्यासारखे फारसे नव्हते आणि दरीतून वर येणाऱ्या धुक्यामुळे रस्त्याकडेच लक्ष द्यावे लागत होते. वैभववाडीत चहाला थांबलो असताना मामांना एक गोष्ट आठवली. पंपाचा फ्यूज पुन्हा काढून त्यांनी मला काही वेळा सेल्फ मारायला सांगितले आणि ॲक्सिलरेटरच्या केबलवर हात ठेवला. केबलचे बाहेरचे आवरण कोमट झाले होते. ही केबल पेडलपाशी बॉडीला आणि दुसऱ्या टोकाला थ्रॉटलपाशी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेपाशी) इंजिनाला धातूने जोडलेली असते. नेहमीची वाट अडली की सेल्फचा प्रवाह अशा मिळेल त्या धातूतून वाट काढतो. केबल तापते, आतले प्लॅस्टिकचे अस्तर खराब होते आणि पेडल जड होते. आमचे पेडल काही दिवसांपासून जड झाले होतेच, आणि मी त्यात तेल सोडून पाहिले होते. जुन्या गाडीची केबल वारंवार जड होत असेल तर केबल बदलण्याआधी अर्थ पाहावा, ही खूण मला या प्रवासात मिळाली.

वैभववाडी-फोंडा रस्त्याने आम्ही दुपारी मावशीकडे पोहोचलो. पाऊस पुन्हा कोसळू लागला होता, म्हणून गाडी पडवीत घेतली आणि काम दुसऱ्या दिवशीवर टाकले.

रविवार

गाडी खोलण्यापूर्वी मामांनी आणखी एक माप घेतले, आणि माझ्या मते संपूर्ण तपासातले ते सर्वांत मोलाचे माप होते. बॉडी आणि इंजिन यांच्यातला जोड खराब आहे हे सिद्ध झाले होते. पण त्याने दिवे मंद व्हावेत, सेल्फ जड व्हावा, इंजिनाने मात्र का अडखळावे? ईसीएमचा अर्थ तर इंजिनावरच, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या बोल्टला बांधलेला आहे, आणि अल्टरनेटरही इंजिनावरच आहे. या दोघांना बॉडीशी काही देणेघेणे नसायला हवे.

त्यांनी काळी पिन इंजिन ब्लॉकवर आणि लाल पिन ईसीएमच्या अर्थ वायरीच्या थिंबलवर, म्हणजे बोल्टखाली आवळायच्या टोकाच्या कड्यावर, ठेवली. हे अंतर वीतभराचेही नाही. इंजिन सुरू, दिवे बंद असताना ०.०७ व्होल्ट, हेडलाईट आणि वायपर लावल्यावर ०.२, आणि मावशीच्या परवानगीने हॉर्न वाजवून ब्रेक दाबला तेव्हा ०.३. ईसीएम ज्या पातळीला शून्य समजतो, ती पातळीच दिव्यांबरोबर वर उचलली जात होती.

कारण त्या बोल्टवरच होते. ईसीएमच्या थिंबलांवर आणखी एक काळी वायर आवळलेली होती, आणि तिचे दुसरे टोक बॉडीला स्क्रूने बसवलेले होते. ही गाडी आमच्याकडे येण्याआधी तिच्यावर गॅस किट होते. किट निघाले तेव्हा त्याची अर्थ वायर तशीच मागे राहिली. जोवर मूळ अर्थ पट्टी धडधाकट होती तोवर ही वायर निरुपद्रवी होती. पट्टी निकामी होत गेली तसतसा बॉडीचा परतीचा प्रवाह या बारीक वायरीवर येऊ लागला. तिचे इन्सुलेशन हाताला कडक लागत होते, बोल्टजवळ ते तपकिरी पडून चिरलेले होते आणि वाकवल्यावर त्याचा तुकडा गळून पडला.

बोल्ट काढला. सगळी थिंबले एकमेकांना चिकटून बसली होती, त्यांचा आपसात संपर्क उत्तम होता. पण सर्वांत खालचे थिंबल आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये पांढरट भुकटीचा थर साचलेला होता. ॲल्युमिनियमवर तांब्याचे थिंबल आणि त्यात ओल असली की असेच होते. या रचनेने दोषाची साखळी पूर्ण केली. बॉडीकडून आलेला प्रवाह वायरीतून थिंबलांच्या चळतीत उतरत होता, तिथून मॅनिफोल्डमध्ये जाताना या थराने अडत होता, आणि अडल्यामुळे संपूर्ण चळत, तिच्यासह ईसीएमचा अर्थ, वर उचलला जात होता.

आता काजळीचे कारण. जळून बाहेर पडणाऱ्या धुरावरून पेट्रोलचे प्रमाण सांगणारा, आमच्या गाडीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर एका तारेचा आहे. त्याचा निगेटिव्ह म्हणजे त्याचे स्वतःचे धड, जे सायलेन्सरच्या नळीत आटे पाडून बसवलेले असते आणि नळीमार्फत इंजिनाशी जोडलेले असते. हा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान संकेत देतो, सुमारे ०.४५ च्या वर गेला तर पेट्रोल जास्त, खाली आला तर कमी, असे ईसीएम समजतो. सेन्सर इंजिनाच्या मानाने ०.६ व्होल्ट देत असेल आणि ईसीएमचा शून्य ०.२ ने वर असेल, तर ईसीएमला ०.४ दिसतात. मिश्रणात पेट्रोल जास्त असूनही ते कमी आहे असे तो वाचतो आणि आणखी पेट्रोल सोडतो. दिवे चालू असेपर्यंत ही चूक कायम राहते, वायपर आणि हॉर्न तिच्यात चढउतार घालतात, प्लग काळे पडतात आणि एव्हरेज घसरते. एखादी तार तुटली असती तर डॅशबोर्डवरचा चेक लाईट लागला असता. इथे प्रत्येक संकेत आपापल्या मर्यादेत होता, म्हणून दिवा कधी पेटला नाही.

गॅरेजने बदललेला तापमानाचा सेन्सर दोन तारांचा असतो. त्याची परतीची तार थेट ईसीएममध्ये जाते, इंजिनाच्या धातूशी तिचा संबंध नसतो, त्यामुळे ईसीएमची पातळी वर गेली तरी त्याचे माप बिघडत नाही. तो सेन्सर बदलून काही फरक पडणारच नव्हता. ज्या दोषाची वेळ दिव्यांच्या बटणाशी जुळते, त्यासाठी सेन्सर बदलण्याआधी कोणत्या सेन्सरचा परतीचा मार्ग कुठून जातो एवढे तरी पाहायला हवे होते, याचे मला आजही वाईट वाटते. सगळ्या बिलांची रक्कम ज्यांच्या खिशातून जाते त्यांच्यासाठी ती लहान नसते. ओम्नी चालवणारी अनेक माणसे त्या गाडीवरच पोट भरतात.

जेवणानंतर मूळ पट्टीकडे वळलो. ती इंजिनाच्या बाजूला सहज दिसत होती आणि वरून चांगली दिसत होती. बॉडीकडचे टोक शोधण्यासाठी मामा खाली पडले आणि बराच वेळ टॉर्च फिरवत राहिले, कारण बोल्टच दिसत नव्हता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ही गाडी व्हीनस कॉर्नरजवळ पाण्यात उभी होती. त्यानंतर टिंकरिंग करून तिच्या खालच्या बाजूला काळे अंडरकोटिंग मारण्यात आले, आणि त्याच थराखाली अर्थचा बोल्ट गाडला गेला होता. थर खरवडून बोल्ट उघडा केला. तो फिरवताना पत्र्याचे पापुद्रे निघून आले. थिंबलाखालचा पत्रा गंजून खडबडीत झाला होता. पट्टी सोडवून हातात घेतली तेव्हा खरी गोष्ट कळली. तिची जाळी मध्ये लालसर, लवचीक आणि ठीक होती, पण थिंबलाच्या तोंडाशी हिरवी भुकटी भरलेली होती, आणि तिथे वाकवल्यावर एकेक तंतू सुटून येत राहिला. शेवटी थिंबलाला थोडेच तंतू धरून राहिले. शनिवारी ओहमवर ठेवलेल्या मीटरला 'सर्व ठीक' म्हणायला ते तंतू पुरले होते.

मावशीच्या शेजारच्या बागायतदारांनी त्यांच्या पॉवर टिलरसाठी आणून ठेवलेल्या बॅटरी केबलचा तुकडा दिला. मामांनी बॉडीवर जुन्या जागेपासून दूर, जाड पत्र्यावर नवी जागा निवडली, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने तो पत्रा चकाकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून केबल आवळली आणि मगच वरून व्हॅसलीन लावले. व्हॅसलीन आवळण्याआधी न लावता नंतर का, असे मी विचारले. धातूला धातू टेकायला हवा आणि व्हॅसलीनने फक्त बाहेरचे पाणी अडवायचे आहे, हे त्यांचे उत्तर. मॅनिफोल्डची जागा घासून तिथे ईसीएमची थिंबले एकटीच बसवली. गॅस किटची वायर दोन्ही टोकांनी सोडवून बाहेर काढली.

सोमवार

मुद्दाम संध्याकाळी निघालो. फोंडा घाटात पाऊस होता, हेडलाईट आणि वायपर सुरुवातीपासून चालू होते, आणि मीटर पुन्हा मामांच्या मांडीवर, या वेळी ब्लॉक आणि ईसीएमच्या थिंबलादरम्यान. आकडा ०.०१ वरून हलला नाही. ७९६ सीसीच्या इंजिनाकडून घाटात चमत्काराची अपेक्षा कुणी करू नये. ते दुसऱ्या गिअरमध्ये आपल्या बेताने चढत होते, पण एकाच दमात चढत होते. वायपर काचेच्या टोकाला पोहोचून उलटा फिरे आणि इंजिनाच्या आवाजात काहीही बदल होत नसे. ते ऐकत मी गाडी चालवत होतो आणि मला फार समाधान वाटत होते.

दाजीपूरला अभयारण्याचा परिसर लागतो, म्हणून हॉर्नची चाचणी आम्ही राधानगरी गाव येईपर्यंत राखून ठेवली. तिथे थांबलो तेव्हा एक लहानसा दोष वर आला. ब्रेक दाबल्यावर मागचा डावा इंडिकेटर मंद लुकलुकत होता. मामांना त्याचे नवल वाटले नाही. मागच्या दिव्यांचा अर्थ त्यांच्या जवळच बॉडीला असतो. तो गंजला की ब्रेकच्या दिव्याचा प्रवाह इंडिकेटरच्या बल्बमधून वाट काढतो. इंजिनाशी त्याचा संबंध नाही, पण मागून येणाऱ्याला आपण वळतो आहोत की थांबतो आहोत हे कळले नाही तर अपघात होऊ शकतो, म्हणून टॉर्चच्या उजेडात तो स्क्रू तिथेच काढून घासला. रात्री उशिरा कोल्हापुरात पोहोचलो.

मंगळवार

फोंड्यात बसवलेली केबल कामचलाऊ होती, म्हणून सकाळी शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथे एका कारागिराकडून २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचे दोन तुकडे करून घेतले, दोन्ही टोकांना हायड्रॉलिक प्रेसने थिंबले दाबून घेतली आणि सांध्यांवर हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवले. थिंबल हातोडीने ठोकून बसवले तर तंतूंमध्ये पोकळी राहते आणि त्याच पोकळीत पाणी शिरते. आमच्या जुन्या पट्टीचा अंत नेमका तिथेच झाला होता, म्हणून प्रेसचा आग्रह धरला. एक केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला नेली, म्हणजे सेल्फच्या प्रवाहाला बॉडीतून जावेच लागणार नाही. दुसरी बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये बसवली आणि इंजिन हादरते म्हणून तिला थोडी ढील ठेवली.

पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारल्यावर बॅटरीचा निगेटिव्ह आणि ब्लॉक यांच्यात आता ०.१२ व्होल्ट दिसतात. हेडलाईट, वायपर, ब्रेक आणि हॉर्न एकदम चालू असताना ईसीएमचा अर्थ ०.०१ वर राहतो. ॲक्सिलरेटरचे पेडल अजून जड आहे, कारण केबलचे अस्तर आधीच खराब झाले होते. ती केबल आता बदलावी लागेल. प्लग साफ करून परत बसवले आहेत आणि आणखी काही टाक्या पेट्रोल जाळल्यावर त्यांचा रंग पाहायचा आहे. अंडरकोटिंगखालचा गंज मात्र त्या एका बोल्टापुरता नाही, मागच्या फरशीपर्यंत तो पोहोचलेला दिसला. म्हणून दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, सगळा थर काढून पत्रा तपासायचा असे मामांशी ठरले आहे, आणि त्या वेळी बॉडीवरचा प्रत्येक अर्थचा स्क्रू सोडवून पाहायचा आहे.